"मी ॲग्रो घेते": नाशिकच्या एका टेबलावरचं भांडण

"दादा, मी ॲग्रो घेते."

ॲग्रो घेणं म्हणजे शत्रूचा रोख स्वतःवर ओढून घेणं, संगणकावरच्या खेळांतला शब्द. या चार शब्दांनंतर आमचा आठ महिने चाललेला खेळ सात आठवडे बंद पडला. टेबलाची वही माझ्याकडे असते. कोण काय बोललं, कुणाचे किती हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारे गुण, उरले, सगळं मी लिहीत असतो, म्हणून हे प्रकरण आठवणीवर न विसंबता मांडता येतंय. मांडायचं कारण असं की हे भांडण फक्त आमचं नाही. "हा काय व्हिडिओ गेम आहे का?" हे वाक्य फासे टाकून भूमिका खेळणाऱ्या बहुतेक गटांत कधी ना कधी ऐकू येतं, आणि ते आलं की मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

टेबल आणि माणसं

आम्ही पाच जण. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. जागा इंदिरानगरमधली, डीएमच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या, घराच्या गच्चीला लागून असलेली खोली. तिथून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. महिन्यातून दोन रविवार ठरलेले, त्यातला एक लग्नसराई, परीक्षा किंवा कुणाची तरी शिफ्ट खाऊन टाकते. नावं देत नाही. टेबलावर आम्ही एकमेकांना पात्राच्या वर्गानेच, म्हणजे पात्राच्या पेशानेच, हाक मारतो, इथेही तसंच ठेवतो.

डीएम चाळिशीचा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर त्याने झेरॉक्स केलेल्या पानांवरून हा खेळ शिकला, तेव्हा तिसऱ्या आवृत्तीची सुधारित, साडेतीन म्हणतात ती, आवृत्ती चालू होती. फायटर ही आमच्यातली सर्वांत धाकटी. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. ती या खेळात आली ती बाल्डर्स गेट थ्री हा याच नियमांवरचा संगणकी खेळ खेळून. विझार्ड, म्हणजे जादूगार, चालवणारी शिक्षिका आहे, तिला संगणकावरचे खेळ अजिबात ठाऊक नाहीत. रोग (इंग्रजीतला rogue, चोरपावलांनी वावरणारं पात्र) चालवणारा कॉलेजातला, तो बोलतो कमी. क्लेरिक, म्हणजे मंत्रांनी जखमा भरणारा, मी.

गोष्टही इथलीच. दादाने रामशेजवरून एक गड बेतला होता. दिंडोरी तालुक्यातला हा बेताच्या उंचीचा किल्ला १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना दाद देत नव्हता. गडावर तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडं मढवल्याची कथा नाशिकची पोरं लहानपणीच ऐकतात. दादाने गडाला वेढा दिला, आम्हाला आत ठेवलं आणि वेढा घालणाऱ्यांत माणसांबरोबर राक्षस घातले. इतकी मन लावून केलेली तयारी मी दुसऱ्या कुठल्या टेबलावर पाहिलेली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं वाचून दादा आडमुठा वाटेल. तो तसा नाही.

तो रविवार

ऑगस्ट २०२४. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीतला दुतोंड्या मारुती किती बुडाला याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर. सगळे भिजून आलेले, चहा दोनदा झालेला.

गडाखालच्या भुयारात आमची एक चकमक झाली. जिंकलो, पण माझे सगळे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, संपले, विझार्डचेही संपले. फायटर म्हणाली, "इथेच लाँग रेस्ट घेऊ." लाँग रेस्ट म्हणजे आठ तासांची विश्रांती. त्यानंतर जखमा भरतात, मंत्र परत येतात.

दादा म्हणाला, "अगं, शत्रू भुयारात शिरलाय. आठ तास झोपणार? हा काय व्हिडिओ गेम आहे का?"

ती गप्प बसली. वहीत मी "रेस्ट नाही" एवढंच लिहिलं. आता वाटतं, त्या गप्प बसण्याची नोंद आधी करायला हवी होती.

पुढच्या दालनात आउलबेअर होता. घुबडाचं डोकं, अस्वलाचं धड. त्याला चोचीचा एक आणि पंजांचा एक असे दोन हल्ले एकाच पाळीत मिळतात, आणि दोन्ही लागले तर सरासरी २४ चं नुकसान होतं. आमची पात्रं चौथ्या लेव्हलची. विझार्डचे १९ हिट पॉइंट उरलेले. फायटर पुढे उभी, ढाल हातात, आणि तिने ते वाक्य म्हटलं. तिला म्हणायचं होतं की हा प्राणी माझ्यावर यावा, मागच्यांवर जाऊ नये.

दादा म्हणाला, "असा नियम या खेळात नाही. ॲग्रो वगैरे संगणकावर." आणि आउलबेअर तिच्या बाजूने निघून गेला. तिला मिळणारा एक फटका तिने मारला, तो लागलाही, पण प्राणी थांबला नाही. विझार्ड एका पाळीत कोसळली. पुढच्या पाळीत तो तिच्यावरच राहिला. बेशुद्ध पात्रावर जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे जास्तच जबर, धरतात. तीन नापास झाले की पात्र मरतं, आणि अशा वाराने त्यातले दोन एका झटक्यात जातात. चोच लागली, पंजे लागले. माझ्याकडे बरा करणारा एकही मंत्र नव्हता.

"माझ्या गेममध्ये मी जुना सेव्ह लोड केला असता," फायटर म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो," दादा म्हणाला.

ती पावसात निघून गेली. पुढच्या वेळी आली नाही. विझार्डही म्हणाली की तिला आता काही आठवडे जमणार नाही. पात्र मेल्याचं वाईट वाटलंच, पण तिला जास्त लागलं ते आपल्या मरणावरून दोघं तिसऱ्याच गोष्टीसाठी भांडले हे.

जुनं भांडण

दादाची चीड कुठून आली हे कळायला २००८ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी जूनमध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशक कंपनीने चौथी आवृत्ती आणली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा संगणकी खेळ २००४ च्या नोव्हेंबरात आलेला, चार वर्षांत जगभर पसरलेला. नव्या पुस्तकात प्रत्येक वर्गाला उघड भूमिका दिली होती: अडवणारा, जोरदार मारणारा, साथ देणारा, मैदान ताब्यात ठेवणारा. प्रत्येकाच्या ताकदी चौकटीत छापलेल्या, वर रंगीत पट्टी. केव्हाही वापरायची ती हिरवी, चकमकीत एकदा ती लाल, दिवसातून एकदा ती राखाडी. पान उघडताच संगणकाच्या पडद्याखालची बटणं आठवत. फायटरला "मार्क" करता येई: ज्याला मार्क केलं त्याने फायटरला सोडून दुसऱ्यावर हल्ला केला तर त्याला उणे दोन, वर फायटरचा एक फटका.

"हे तर वॉरक्राफ्ट झालं," असं म्हणत असंख्य लोक जुन्या नियमांकडे वळले. २००९ मध्ये साडेतीनच्या नियमांवर उभा राहिलेला पाथफाइंडर आला, तो याच लोकांच्या बळावर वाढला. दादाचा हॉस्टेलवरचा गट तेव्हाच फुटला. निम्मे चौथीकडे गेले, निम्मे नाही. त्यातला एक मित्र आजही त्याच्याशी बोलत नाही. ही गोष्ट आम्हाला त्या रविवारपर्यंत माहीतच नव्हती.

ती तक्रार सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पानाची मांडणी, विझार्डचा मंत्र आणि फायटरचा वार एकाच साच्यात बसवणं, यामुळे लोक आधी कार्ड बघत आणि मग गोष्टीकडे वळत. हे मी एका चौथीच्या टेबलावर स्वतः पाहिलंय. पण "वॉरक्राफ्टची नक्कल" हे निदान मला कधीच पटलं नाही. चौथीत अंतर चौकोनांत मोजायचं, शत्रूला दोन चौकोन मागे ढकलायचं, कोण कुठे उभा हे पटावर दाखवायचं. हे सगळं मोहऱ्यांच्या युद्धखेळाचं आहे, आणि हा खेळ जन्मलाच युद्धखेळातून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांची पेटी काढली तेव्हा ते दोघेही मोहऱ्यांची युद्धं खेळणारे होते. हिट पॉइंटची कल्पना आर्नेसनने आरमारी युद्धाच्या खेळातून उचलली, जहाज किती मार सोसून बुडतं हे मोजायला ती होती. ढालवाला पुढे आणि मंत्रवाला मागे ही रचना तर अरुंद भुयारात खेळणाऱ्या पहिल्या गटांनीही केलीच असणार, कारण दुसरं काही करणं म्हणजे मरणं.

आणि उलट दिशेने काय गेलं ते पाहा. पेटी येऊन वर्ष होतं न होतं तोच, १९७५ मध्ये, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्लेटो यंत्रणेवर विद्यार्थी संगणकातली भुयारं बनवू लागले. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांचा मड आला, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा. १९८१ मध्ये विझार्ड्री आणि अल्टिमा. त्या दोघांवरून जपानमध्ये १९८६ चा ड्रॅगन क्वेस्ट. लेव्हल, अनुभवाचे गुण, हिट पॉइंट, वर्ग: वॉरक्राफ्टमध्ये जे जे आहे ते टेबलावरूनच गेलेलं. त्यातलं थोडं २००८ मध्ये परत आलं तर ते माहेरी आलं म्हणायचं. २००३ मध्ये वॉरक्राफ्टच्या जगावर टेबलावरचा खेळ छापून निघाला तेव्हा कुणी विटाळ मानला नव्हता.

माझा सर्वांत लाडका दाखला आउलबेअरचाच. तो प्राचीन दंतकथेतून आलेला नाही. गायगॅक्सला दुकानात स्वस्त प्लास्टिकच्या विचित्र प्राण्यांची पिशवी मिळाली, त्यातल्या एकावरून तो घडला. दुकानातलं प्लास्टिक चालतं, तर संगणक का नको?

पण खरं सांगतो, हे सगळं मी दादाला दोनदा ऐकवलं आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. नियम कुठून आला हे सिद्ध केलं म्हणून तो आपल्या टेबलावर कसा वागतो हे कळत नाही.

मिसळीवरची बैठक

पाचव्या आठवड्यात मी सगळ्यांना एका रविवारी सकाळी मिसळीला बोलावलं. खेळ नाही, फासे आणायचे नाहीत, एवढी अट. शहराबाहेर मळ्यातली जागा, गर्दी, नंबर लागायला पाऊण तास. तो पाऊण तास फार कामी आला, कारण उभ्याने माणसं कमी भांडतात.

मी फायटरला सरळ विचारलं, "ॲग्रो म्हणजे तुला नेमकं काय हवं होतं?"

तिने आधी समजावलं. वॉरक्राफ्टसारख्या खेळात प्रत्येक राक्षसाकडे एक हिशेब असतो, कुणी त्याला किती त्रास दिला याचा. मारलं की आकडा वाढतो, साथीदाराला बरं केलं तरी वाढतो. पुढे उभा राहणाऱ्या टँककडे तो आकडा मुद्दाम वाढवायच्या युक्त्या असतात. ज्याचा आकडा मोठा, राक्षस त्याच्यावर. संगणकाला खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे बघता येत नाही, त्याला आकडा लागतो.

मग म्हणाली, "दादा, मला तो आकडा नको होता. तो कुणावर जाणार हे तुम्ही कशावरून ठरवता, ते मला कळायला हवं होतं. तिथे मला माहीत असतं. इथे तुम्हालाच माहीत असतं."

दादाने पिशवीतून तयारीची वही काढली. फासे आणू नका म्हटलं होतं, वहीबद्दल कुणी बोललं नव्हतं. त्या दालनाच्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "आउलबेअर. तीन दिवस उपाशी. सगळ्यांत लहान सावज आधी. पाडलं की सोडणार नाही."

म्हणजे त्याने राग काढलेला नव्हता. त्याने प्राणी प्रामाणिकपणे चालवला होता, ठरवल्याप्रमाणे. फक्त ते वहीबाहेर आलंच नव्हतं. प्राण्याच्या बरगड्या दिसतायत, लाळ गळतेय, तो तुमच्यातल्या सर्वांत बारक्याकडे बघतोय, यातलं काहीच आमच्यापर्यंत पोहोचलं नाही. त्याने ढोली, हाडं, वास यांचं वर्णन केलं होतं आणि भूक सांगायची राहिली होती.

फायटरने पान दोनदा वाचलं. "माझ्या पिशवीत चार दिवसांचं खारवलेलं मांस होतं," ती म्हणाली.

कुणीच काही बोललं नाही. विझार्ड शिक्षिका आहे म्हणून असेल, पण तिने ते पहिल्यांदा शब्दांत मांडलं: "ती म्हणाली मी ॲग्रो घेते, तेव्हा तुम्ही नियम नाही असं म्हणालात. 'कसा घेतेस?' असं विचारलं असतं तर मी जिवंत असते." दादाने मान हलवली. हा माणूस वीस वर्षं खेळ चालवतोय. त्याला हे अवघड गेलं आणि तरी त्याने ते मान्य केलं.

विश्रांतीचं कोडंही तिथेच उलगडलं. बाल्डर्स गेट थ्रीमध्ये खाण्याचा साठा असेल तर हवी तेव्हा लाँग रेस्ट घेता येते आणि बहुतेक वेळा जग तुमच्यासाठी थांबतं. बहुतेक वेळा, नेहमी नाही. एक पेटलेली सराय आहे, ती बघून तुम्ही झोपायला गेलात तर आतले लोक वाचत नाहीत. फायटरने पहिल्या खेपेला तसं करून लोक गमावले होते, त्यामुळे वेळेची किंमत तिला ठाऊक होती. तिचा प्रश्न एवढाच होता की या वेढ्यात आठ तासांची किंमत किती? दादाने किंमत सांगितलीच नाही, टोमणा मारला. २०१४ च्या पुस्तकात तर स्पष्ट आहे की चोवीस तासांत एकाहून जास्त लाँग रेस्टचा फायदा मिळत नाही. तो नियम वाचून दाखवला असता तरी पुरलं असतं.

आणि ते "लोड केला असता"? तीच मुलगी बाल्डर्स गेट ऑनर मोडमध्ये खेळते. २०२३ च्या शेवटी आलेल्या त्या मोडमध्ये एकच सेव्ह असतो, हरलात की ती धाव संपली. मरणाचं गांभीर्य कळत नाही असा आरोप तिच्यावर करणं अन्यायाचं होतं. विझार्डला परत आणायचं का, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांत आधी नको म्हणाली तीच.

पुस्तकात आधीच होतं

परत आल्यावर मी दादाचं २०१४ चं डंजन मास्टर्स गाइड, म्हणजे डीएमसाठीचं नियमांचं पुस्तक, मागून घेतलं. नवव्या प्रकरणात ऐच्छिक नियम आहेत, फारसं कुणी वाचत नाही. तिथे "मार्क" आहे. चौथ्या आवृत्तीतलाच शब्द, रूप वेगळं: जवळून वार करताना शत्रूला मार्क करायचं, आणि आपल्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत तो निसटायला गेला तर त्याच्यावरचा फटका ॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेऊन, शिवाय आपली रिॲक्शन, म्हणजे पाळीबाहेर मिळणारी एक कृती, खर्च न होता. "असा नियम या खेळात नाही," असं दादा ज्या पुस्तकाच्या भरवशावर म्हणाला, त्याच पुस्तकात तो होता. एक मात्र नमूद करतो: त्या दिवशी हा नियम चालू असता तरी विझार्ड वाचली असतीच असं नाही. फटका जास्त खात्रीने लागतो, पण प्राणी त्याने थांबत नाही.

त्याच प्रकरणात विश्रांतीचे दोन पर्याय आहेत. एकात शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, पाच मिनिटांची आणि लाँग रेस्ट तासाभराची. दुसऱ्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. ते पान बघून फायटर म्हणाली, "वेढ्याला हा दुसराच हवा." दादा तिच्याकडे बघतच राहिला. वर्षानुवर्षं चालणाऱ्या वेढ्याची गोष्ट त्याने लिहिली होती आणि नियम एका दिवसाच्या धावपळीचे वापरत होता. चूक तिने पकडली, संगणकावरून आलेल्या मुलीने.

पुढे

नवरात्रानंतर खेळ पुन्हा सुरू झाला. लाँग रेस्ट सात दिवसांची. दादाने पुठ्ठ्यावर वेढ्याचे दहा चौकोन आखले. प्रत्येक लाँग रेस्टला एक भरायचा, आणि भरला की काय होणार ते आधी सांगायचं: धान्य कमी, पाण्याचं टाकं आटलेलं, बुरूज ढासळलेला. मार्क चालू. शत्रू पाळीला आला की तो काय शोधतोय, कुणाकडे बघतोय हे दादा एका वाक्यात बोलून दाखवतो, निदान पात्राला दिसण्यासारखं असेल तेवढं.

सगळं गोड झालं नाही. रोग मार्चनंतर येईनासा झाला, त्याला आठवडाभर थांबण्याचा कंटाळा येतो असं तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. सात दिवसांच्या विश्रांतीत शॉर्ट रेस्टवर मंत्र परत मिळवणारे वॉरलॉकसारखे वर्ग आणि लाँग रेस्टची वाट पाहणारे विझार्डसारखे वर्ग सारखे राहत नाहीत, तो तोल आम्हाला अजून सापडलेला नाही. "बिल्ड", म्हणजे पात्राच्या ताकदींची हिशेबी जुळवाजुळव, हा शब्द ऐकला की दादाच्या कपाळावर आठी पडतेच. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, आलं, त्यात औषध पिणं बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, बसवलेलं. "बघा, बाल्डर्स गेटमधलं आलं," म्हणून फायटर खूश. दादाचं म्हणणं, टेबलांवर ही घरगुती सवलत लोक कितीतरी आधीपासून देत होते, मग गेमने ती कुठून घेतली? दोघांचंही बरोबर आहे, आणि या वादावर आता चहा होतो.

विझार्डने नवं पात्र केलं, बार्ड, म्हणजे गाणारा भाट. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "मी लहान दिसते का?"

एप्रिलमधल्या एका रविवारची नोंद देऊन थांबतो. पुठ्ठ्यावरचे सहा चौकोन भरलेले. बुरुजाखाली वेढ्याचा सरदार, आणि बार्ड जखमी अवस्थेत तटाच्या खालच्या पायरीवर. दादा म्हणाला, "तो बार्डकडे चाललाय. पण त्याची नजर सारखी वर निशाणाकडे जातेय."

"दादा, मी ॲग्रो घेते."

"कसा?"

ती थांबली. मग म्हणाली, "निशाण उतरवते, अंगाभोवती गुंडाळते आणि बुरुजाच्या कडेवर उभी राहते. त्याला हवं असेल तर त्याने माझ्याकडे यावं."

दादाने वहीत पाहिलं नाही. "तो वळतो," तो म्हणाला. "आणि त्याच्याबरोबर आणखी चौघं."

चार जास्तच होते. दोन पाळ्यांत ती शून्यावर आली, निशाण अंगावर घेऊनच पडली. बार्ड वर पोहोचली. दादाने फासा हातात घेतला, टाकला नाही, माझ्याकडे बघितलं.

"क्लेरिक, किती स्लॉट उरलेत?"

मी वहीत पाहिलं. "एक."